ईसीटीनंतर आईच्या विस्मरणाची नेमकी तपासणी कशी करून घ्यावी?

नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तीव्र नैराश्यात तिने अन्नपाणी सोडले, बोलणेही थांबवले, आणि औषधे लागू पडेपर्यंत वाट पाहणे धोक्याचे असल्याने तिला ईसीटी (मेंदूला नियंत्रित विद्युतप्रवाह देण्याचा उपचार) देण्यात आली. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन सारे रीतसर झाले व ती पुन्हा जेवूखाऊ लागली, त्यामुळे हा उपचार नको होता असे माझे मुळीच म्हणणे नाही. (सिनेमातल्या 'शॉक'च्या प्रसंगांची चर्चा इथे कृपया नको.)

उपचारांच्या काळातला गोंधळ ओसरला. भाजीवाल्याला किती दिले, किती परत आले, हे ती आज चोख सांगते; पण आजारपणाआधीच्या वर्षभरातले बरेच काही तिला आठवत नाही. भाचीच्या लग्नाच्या अल्बममध्ये स्वतःला रुखवत मांडताना पाहून तिने मला विचारले, "ही साडी मी कधी घेतली गं?"

डॉक्टरांनी एमएमएसई ही स्मरण व आकलन पाहणारी छोटी चाचणी घेतली आणि ३० पैकी २८ गुण पाहून स्मरणशक्ती उत्तम असल्याचे सांगितले. त्या चाचणीत तारीख, ठिकाण, तीन शब्द आणि वजाबाकी विचारतात. माणसाच्या स्वतःच्या आयुष्यातले काहीच विचारत नाहीत. ८४ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१० सालच्या आढाव्यानुसार बहुतेक बौद्धिक दोष पहिल्या काही दिवसांपुरतेच राहतात, हे मी वाचले आहे. पण न्यूयॉर्कमधील रुग्णालयांतल्या रुग्णांवरील २००७ सालच्या अभ्यासात, दोन्ही कानशिलांवर इलेक्ट्रोड लावलेल्यांमध्ये आत्मचरित्रात्मक आठवणींची हानी सहा महिन्यांनंतरही अधिक आढळली होती, आणि आईच्या फाईलमध्ये हीच पद्धत नोंदवलेली आहे.

नैराश्यातही आठवणी धूसर होतात. तेव्हा यातला कोणता भाग आजाराचा आणि कोणता उपचाराचा, हे उपचारापूर्वीची नोंद हाताशी नसताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कसे ठरवतात? अशा आठवणींची पद्धतशीर तपासणी मराठीतून कुणाच्या नातेवाईकाची झाली आहे का? शिवाय आजार उलटल्यास पुन्हा ईसीटी लागू शकते, म्हणून फक्त उजव्या बाजूने, विजेच्या अतिलघु स्पंदांची (अल्ट्राब्रीफ) ईसीटी घेतलेल्यांचा अनुभव मला विशेष हवा आहे. त्यात आठवणी कमी जातात, पण गुण येण्यास कधी अधिक सत्रे लागतात, असे वाचनात आले. औषधांतले बदल कृपया सुचवू नयेत, ते डॉक्टरांशी बोलूनच होतील.