पंप-मोटार दुरुस्तीच्या दुकानाची परिसर-निर्देशिकेतील जाहिरात : मजकूर आणि मांडणीबाबत सल्ला हवा

मोटार_रिवाइंडिंग :
नमस्कार. पुण्यात कर्वेनगर भागात पंप आणि मोटारी दुरुस्त करण्याचे माझे छोटे दुकान आहे. रिवाइंडिंग (जळालेल्या मोटारीत तारेची नवी गुंडाळी भरणे), बोअरमधील सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप वर काढून दुरुस्त करणे, स्टार्टर आणि पॅनेलची कामे आम्ही करतो. ग्राहक मुख्यतः गृहनिर्माण सोसायट्या आणि बंगल्यांचे मालक आहेत. आमच्या भागातील एक नागरिक मंच दर दोन वर्षांनी निर्देशिका छापून घरोघरी वाटतो. तिचा आकार ए-५ आहे आणि आतील पाने केवळ काळ्या शाईत छापलेली असतात.

मागील अंकात मी पाव पान घेतले होते. वर गणपतीचे चित्र, त्याखाली ठळक अक्षरांत दुकानाचे नाव, शेजारी वडिलांचे छायाचित्र, ‘तत्पर व विनम्र सेवा’ ही ओळ, पंप बनवणाऱ्या आठ कंपन्यांची बोधचिन्हे आणि तळाशी पत्ता व दूरध्वनी, अशी ती जाहिरात होती. गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे घेतली होती. छापून आल्यावर तो निळा रंग काळपट राखाडी दिसला. दोन वर्षांत त्या जाहिरातीवरून फारच थोडे फोन आले, आणि त्यांतील निम्म्या लोकांना नवीन पंप विकत घ्यायचा होता, जो मी विकतच नाही. या वेळी अर्धे पान घ्यावे, की पाव पानच नीट करावे? मजकुरात काय ठेवावे आणि काय काढावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सोसायटी_सचिव :
मी सहा वर्षे आमच्या सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे जाहिरात वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो. सकाळी सात वाजता वॉचमन येऊन वरच्या टाकीत पाणी चढत नसल्याचे सांगतो, तासाभरात घराघरांतून विचारणा सुरू होते, आणि नेहमीचा माणूस फोन उचलत नाही. अशा वेळी मी निर्देशिका काढतो आणि ‘पंप’ या मथळ्याखालच्या नोंदींवरून बोट फिरवत जातो. कोणाला तरी बोलवायचे हे माझे आधीच ठरलेले असते. कोणाला, एवढेच ठरायचे असते. सेवेच्या विनम्रतेचा मी त्या क्षणी विचार करत नाही. बोअरमधला पंप हा माणूस काढेल का, काढण्यासाठी चेन-पुली आणि माणसे त्याची असतील की आम्हाला शोधावी लागतील, तो आज येईल का, रविवारी येतो का, आणि लेखापरीक्षकाला दाखवता येईल असे पक्के बिल देतो का, एवढेच मला हवे असते.

म्हणून सर्वांत वर दुकानाचे नाव नव्हे, तर काम लिहावे : ‘सोसायटी व बंगल्यांच्या पाण्याच्या पंपांची दुरुस्ती’. नाव त्याखाली मध्यम आकारात पुरते. वडिलांच्या छायाचित्रामागची भावना मी जाणतो, परंतु त्या जागी ‘१९८५ पासून’ यासारखी जे खरे असेल त्या सालाची एक ओळ त्यांच्या कष्टांचा अधिक चांगला मान राखेल.

नवीन पंपासाठी फोन का आले, याचे उत्तर मला त्या बोधचिन्हांत दिसते. आठ कंपन्यांची चिन्हे पाहून कोणीही तुम्हाला विक्रेताच समजेल. शिवाय अधिकृत सेवा-केंद्र नसताना ती चिन्हे छापणे कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचे ठरू शकते. ‘सर्व कंपन्यांचे पंप दुरुस्त केले जातात’ हे साधे वाक्य पुरेसे आहे.

डीटीपी_अक्षरजुळणी :
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी केवळ छपाईबद्दल लिहितो. ए-५ पान १४८ × २१० मिलिमीटरचे असते, म्हणजे समास सोडल्यावर पाव पानात साधारण ६० × ९० मिलिमीटर जागा हाती येते. व्हिजिटिंग कार्डापेक्षा थोड्या मोठ्या या जागेत तुम्ही एवढे सगळे बसवले, तेव्हा अक्षरे बारीक झाली असणारच.

मुख्य चूक पांढऱ्या अक्षरांची आहे. अशा निर्देशिकांचा मॅपलिथो, म्हणजे चकचकीत लेप नसलेला, कागद शाई शोषतो आणि शाई थोडी पसरते, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरची बारीक पांढरी अक्षरे बुजतात. देवनागरीत हे अधिक जाणवते, कारण आपल्या अक्षरांत वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांतील पोकळ्या फार नाजूक असतात. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे घ्या, ती शंभर टक्के काळ्याचीच ठेवा, चारही शाया मिसळून केलेला काळा वापरू नका. उठाव हवा असेल तर चौकटीच्या आत चहूबाजूंनी मोकळी जागा सोडा. दाटीवाटीच्या पानावर मोकळी जागाच आधी डोळ्यांत भरते. या गोष्टीवर माझा इतका विश्वास आहे, की ग्राहकाने एक ओळ वाढवायला सांगितली तर मी आधी एक ओळ काढायला सांगतो.

दूरध्वनी क्रमांक इंग्रजी अंकांत आणि पाच-पाचच्या दोन गटांत छापावा. मोबाईलच्या कळफलकावर बहुधा तेच अंक असतात, आणि लहान आकारात देवनागरी १ व ९ यांत गल्लत होते. क्यूआर कोड घेतलात तर तो किमान दोन सेंटीमीटरचा, पांढऱ्यावर काळा आणि भोवती कोरी जागा सोडून असावा. मात्र निर्देशिका हाताळणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी पुष्कळ असतात, तेव्हा कोडसाठी क्रमांकाचा आकार कमी करू नये.

फाईल पीडीएफमध्ये आणि अक्षरे कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेखाकृतींत) बदलून द्यावी, नाहीतर जुन्या फॉन्टमधला मजकूर छापखान्याच्या संगणकावर वेगळाच उमटतो. पाठवण्यापूर्वी मूळ आकारात एक प्रत काढून घरातील वडीलधाऱ्यांना चष्म्याविना वाचायला द्यावी.

जमाखर्च :
खर्चाबाबत थोडेसे. वर्तमानपत्रातील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के जीएसटी असतो, परंतु मुख्यत्वे व्यापारी हेतूने काढलेल्या व्यवसाय-निर्देशिका त्या सवलतीत येत नाहीत आणि तेथे १८ टक्के लागतो. मंच जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर सांगितलेला दर करासह आहे का, हे आधीच विचारून घ्या. तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असाल तर त्या कराची वजावट मिळणार नाही.

अर्धे पान घेऊ नये, असे माझे मत आहे. पाव पान ‘पंप’ मथळ्याखाली घ्यावे आणि उरलेल्या पैशांत ‘बोअरवेल’ व ‘इलेक्ट्रिशियन’ या मथळ्यांखाली एकेका ओळीची नोंद घ्यावी, कारण टाकीत पाणी चढले नाही की प्रत्येक जण ‘पंप’ याच शब्दाखाली शोधतो असे नाही. शिवाय दुकानात एक वही ठेवून प्रत्येक नव्या ग्राहकाला क्रमांक कोठून मिळाला ते विचारावे आणि लिहावे.

सचिवांच्या मुद्द्याला एक जोड देतो. टाटा प्रेस आणि सरकारी दूरध्वनी कंपनी महानगर टेलिफोन निगम यांच्यातील यलो पेजेसचा (व्यवसायांच्या जाहिराती असलेल्या दूरध्वनी-निर्देशिकेचा) वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९५ च्या त्या निकालात जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मान्य करताना, ती माहिती मिळवण्याचा वाचणाऱ्याचा हक्कही न्यायालयाने मानला. निर्देशिकेतील जाहिरात लिहिताना मी नेहमी त्या वाचणाऱ्यालाच समोर ठेवतो.

मोटार_रिवाइंडिंग :
सर्वांचे मनापासून आभार. पाव पानच घेतो. मजकूर असा केला आहे :

‘सोसायटी व बंगल्यांच्या पाण्याच्या पंपांची दुरुस्ती. बोअरमधील सबमर्सिबल पंप काढणे-बसवणे (चेन-पुली व माणसे आमची). मोटार रिवाइंडिंग, स्टार्टर, पॅनेल. सर्व कंपन्यांचे पंप. नवीन पंपांची विक्री नाही. कर्वेनगर, कोथरूड, वारजे. तात्काळ सेवा, रविवारीही. पक्के बिल.’ त्याखाली नाव, साल आणि मोठ्या अक्षरांत क्रमांक.

सोसायटी_सचिव :
उत्तम झाले आहे. केवळ ‘तात्काळ सेवा’ हे शब्द बदला. ते प्रत्येकाच्या जाहिरातीत असतात. किती वाजेपर्यंत फोन आला तर त्याच दिवशी माणूस पाठवणे तुम्हाला खरोखर जमते?

मोटार_रिवाइंडिंग :
सकाळी अकरापर्यंत. त्यानंतरच्या फोनला दुसऱ्या दिवशी सकाळी जातो.

सोसायटी_सचिव :
मग तेच छापा : ‘सकाळी ११ पर्यंत फोन केल्यास त्याच दिवशी येतो.’