मदत हवी आहे: साडेपाच वर्षांचा मुलगा रोज तोच खेळ खेळतो. प्ले थेरपीचा कुणाला अनुभव आहे का?

अबोली_कराड

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर समजून घ्या.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, मोठ्या गटात. घरात मी, नवरा, सासूबाई आणि तो. माझे सासरे, आमचे आण्णा, चार महिन्यांपूर्वी पहाटे हार्ट अटॅकने अचानक गेले. आजोबा-नातू एका ताटात जेवायचे. शाळेत सोडायला आण्णा, आणायला आण्णा, संध्याकाळी प्रीतिसंगमाच्या बागेत न्यायलाही आण्णाच.

त्या पहाटे ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो उठून दारात उभा होता. आम्ही घाईघाईने त्याला शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलं. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने "आण्णा कुठंयत?" विचारलं, तेव्हा कुणीतरी "गावाला गेलेत" म्हणालं आणि पुढे आम्हीही तेच धरून बसलो. नंतर फोटोला हार दिसला, तेव्हा "देवबाप्पाकडे गेले" सांगितलं. तो रडला नाही. आजपर्यंत एकदाही नाही.

महिन्याभराने हा खेळ सुरू झाला. चपलांचं रिकामं खोकं घेतो. त्याचा पिवळा हत्ती नॅपकिनमध्ये गुंडाळून त्यात ठेवतो. तोंडाने सायरन वाजवत खोकं मागच्या दारापर्यंत ओढत नेतो, बाहेर ठेवतो आणि उंबऱ्यावर येऊन बसतो. थोड्या वेळाने म्हणतो, "अजून नाही आला." मग उठतो, खोकं आत आणतो आणि पुन्हा पहिल्यापासून. खेळताना हसत नाही, कुणाला बोलवत नाही. सासूबाईंना ते बघवत नाही. एकदा त्यांनी खोकं हिसकावून घेतलं तर त्याने त्यांच्या हाताला चावा घेतला. दोघंही नंतर किती तरी वेळ थरथरत होते.

तिसऱ्या वर्षापासून गादी कोरडी होती, आता आठवड्यातून तीन-चार वेळा ओली होते. शाळेतून दोनदा बोलावणं आलं, एका मुलाला ढकललं म्हणून. नवरा कामासाठी साताऱ्याला निघाला आणि "गावाला जाऊन येतो रे" म्हणाला की हा त्याच्या पायाला मिठी मारतो. परवा तर उलटी केली. मुलांच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, त्यात काही नाही. ते म्हणाले, मनावर ताण आहे, प्ले थेरपीसाठी कुणाला तरी दाखवा.

नवऱ्याचं म्हणणं, घरी खेळतोच आहे की, मग खेळायला पैसे कशाला द्यायचे? तो वाईट माणूस नाही. त्याचाही बाप गेलाय आणि तोही कुणाशी बोलत नाहीये.

मला हे कळत नाही की तिथे नेमकं करतात काय? खेळून मन कसं बरं होतं? आमच्याकडे जवळपास असं कुणी माहीत नाही. कोल्हापूर, पुणे कुठेही जायची तयारी आहे, पण दर आठवड्याला जमेल असं नाही. आणि तोवर घरी मी काय करू? तो उंबऱ्यावर बसतो तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी असते. तो मला काहीतरी सांगतोय असं वाटतं, पण मला ते ऐकता येत नाहीये.

सह्यकडा

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. मुलं विसरतात. सहा महिने द्या, सुट्टीत मामाच्या घरी पाठवा, आपोआप सगळं रुळावर येईल.

नदीकाठ

सह्यकडा, काही मुलांचं होत असेल तसं. पण चार महिने झालेत, गादी ओली होतेय, उलटी होतेय. मी थांबले नसते. एकट्याला दुसऱ्या गावी तर आत्ता मुळीच पाठवू नका.

आमची मुलगी सात वर्षांची असताना गाडीला अपघात झाला. कुणाला फार लागलं नाही, पण ती गाडीत बसेना. पुण्यात आठ महिने जात होतो, दर शनिवारी पाऊण तास. तेव्हा एका वेळचे हजार रुपये द्यायचो. पहिले चार शनिवार तिने वाळू एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्यापलीकडे काही केलं नाही. मी बाहेर बसून पैशांचा हिशेब करायचे आणि परतताना विचारायचे, "आज काय केलंस?" थेरपिस्ट ताईंनी मला समजावलं की हा प्रश्नच नको, ती वेळ तिची आहे. पाचव्या की सहाव्या वेळी तिने वाळूत गाडी पुरली. मग कित्येक आठवडे तेच, पुरायची आणि उकरायची. दिवाळीनंतर एक दिवस स्वतःहून म्हणाली, "मी पुढच्या सीटवर बसू?"

पाटीपेन्सिल

मी बालवाडीत तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तुझं लिहिलेलं पुन्हा वाच. आण्णा कुठे गेले? "गावाला." बाबा निघताना काय म्हणतो? "गावाला जाऊन येतो." अगं, त्या लेकराच्या लेखी गावाला गेलेला माणूस परत येत नाही. उलटी होणार नाही तर काय होईल?

आपल्याकडे मरणाचं नाव मुलांसमोर घ्यायचं नाही अशी रीत आहे. त्यामागे माया असते, मला ठाऊक आहे, मीही माझ्या मुलांशी तेच केलं. पण वर्गात पाहिलंय, "आजी झोपली" असं सांगितलेलं पोर दुपारी डोळे मिटायला घाबरतं. त्याला खरं सांग. आणि ते खोकं कुणी हिसकावू नका. ती त्याची पाटी आहे, तो त्यावर लिहितोय.

ओसरी

मी मुलांची मानसतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे वाचून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण तुमच्या प्रश्नांबद्दल जे माहीत आहे ते सांगते.

पाटीपेन्सिल बाईंनी मर्मावर बोट ठेवलंय. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना हळूहळू कळायला लागतं की मेलेला माणूस परत येत नाही आणि त्याचं शरीर चालायचं थांबतं. तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९२० साली आपल्या दीड वर्षाच्या नातवाबद्दल लिहिलं होतं. तो दोरी बांधलेलं लाकडी रीळ पलंगाच्या पडद्याआड फेकायचा आणि "गेलं" अशा अर्थाचा आवाज काढायचा. मग ओढून आणायचा आणि आनंदाने "आलं" म्हणायचा. आई बाहेर जाते आणि परत येते, हे तो स्वतःच्या हाताने करून बघत होता. तुमचा मुलगा हेच करतोय. फरक इतकाच की त्याच्या खेळात "आलं" येत नाही, आणि ते का येत नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मोठी माणसं दुःख शब्दांत सांगतात. या वयात तेवढे शब्द नसतात, खेळ असतो. प्रत्यक्षात जे आपल्यावर येऊन आदळलं ते खेळात आपल्या हातात येतं. गाडी कधी निघणार, कुणाला न्यायचं, कुठे थांबायचं, हे तोच ठरवतो. म्हणून साधा खेळ मुलाला मोकळं करतो. पण एखादा खेळ महिनोन्महिने जसाच्या तसा होत राहिला, त्यात मजा नसली, शेवट बदलत नसला, तर मूल एकट्याने पुढे सरकू शकत नाहीये असं आम्ही समजतो. तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. तो घरी खेळतो, पण एकटा. थेरपीत समजणारं एक मोठं माणूस शेजारी असतं.

बहुतेक ठिकाणी आधी फक्त आईवडिलांना बोलावतात. मग आठवड्याला एकदा, ठरलेल्या वेळी पाऊण तास. खोलीत बाहुल्यांचं घर, डॉक्टरचा सेट, प्राणी, गाड्या, वाळू, माती, रंग असं साहित्य असतं, दर वेळी त्याच जागी. व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ साली मांडलेल्या पद्धतीने काम करणारे मुलाला शिकवत नाहीत, खोदून विचारत नाहीत. वाट मूल दाखवतं, आपण मागून जायचं. "तू त्याला गुंडाळलंस. आता गाडी निघाली. तू वाट बघतोयस." एवढंच बोलायचं. आपल्याला कुणीतरी पाहिलं, हे मुलाला त्यातून कळतं. मर्यादाही असतात. "तुला खूप राग आलाय. मला मारायचं नाही. या उशीला मार." आधी भावना, मग मर्यादा, मग दुसरी वाट. चाव्याच्या प्रसंगी घरीही असंच बोलता येईल.

दर आठवड्याला जाणं जमत नसेल तर फिलिअल थेरपीबद्दल जरूर विचारा. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने १९६०च्या दशकात आईवडिलांनाच हे शिकवायला सुरुवात केली. आठवड्यातून अर्धा तास, फोन बंद, खेळणी वेगळी ठेवलेली, तो सांगेल ते. तज्ज्ञांकडे तुम्ही पंधरवड्यातून गेलात तरी चालेल का, हेही विचारा.

कुणाकडे जायचं? नुसत्या "प्ले थेरपिस्ट" या पाटीवर जाऊ नका. मूळ शिक्षण काय, प्ले थेरपीचं प्रशिक्षण कुठे आणि किती, सध्या कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे सरळ विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक असतो. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथेही चौकशी करा. मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. तो खाणंपिणं सोडायला लागला किंवा "मलाही आण्णांकडे जायचंय" असं म्हणाला तर थांबू नका, लगेच दाखवा.

गणितवेडा

मिस्टरांना आकडे पटत असतील तर हे दाखवा. २००५ साली ब्रॅटन, रे आणि सहकाऱ्यांनी प्ले थेरपीवरचे ९३ अभ्यास एकत्र करून तपासले. थेरपी मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सावरलेली दिसली. आणि जिथे आईवडिलांना शिकवून त्यांच्याकडून हे करून घेतलं, तिथे फायदा आणखी जास्त होता. म्हणजे तुमच्या मिस्टरांनाच त्या खोक्याशेजारी बसवायला हवं.

अबोली_कराड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पाटीपेन्सिल बाई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. चार महिने तो शब्द आमच्या तोंडात होता आणि आम्हाला ऐकू आला नाही.

रविवारी नवरा आणि मी त्याला घेऊन प्रीतिसंगमावर गेलो. नवऱ्यानेच सांगितलं. "आण्णा गावाला गेले नाहीत. आण्णांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते चालू झालं नाही. आण्णा मेले. आता ते परत येणार नाहीत." शेवटचं वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. मुलाने बराच वेळ पाण्याकडे बघून विचारलं, "मी काकूंकडे गेलो म्हणून?" मला वाटलं नव्हतं की त्याच्या मनात हे असेल. आम्ही दोघांनी नाही म्हणून सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

सोमवारी त्याने खोकं काढलं. मी गॅस बंद करून उंबऱ्यावर जाऊन बसले आणि ओसरी ताईंनी लिहिलं तेवढंच म्हणाले. "तू वाट बघतोयस." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा केली. "अजून नाही आला" हे म्हणाला नाही. खेळ संपला असं नाही, काल पुन्हा झाला. गादी अजूनही ओली होते. पण काल सासूबाई स्वतःहून आल्या आणि हत्तीला गुंडाळायला आण्णांचा जुना रुमाल दिला.

कोल्हापूरच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेळ मिळाली आहे, पुढच्या गुरुवारी, आधी आम्ही दोघंच. नवऱ्याने रजा टाकली आहे. आता एकच विचारायचंय. नंतर मुलाला नेताना काय सांगू? डॉक्टर म्हटलं तर इंजेक्शनला घाबरतो.

ओसरी

खरं तेच सांगा. "आपण एका ताईंकडे जाणार आहोत. तिथे सुई नाही. खूप खेळणी आहेत. मनात अवघड वाटणारं काही असलं तर मुलं तिथे खेळतात. मी बाहेरच बसलेली असेन आणि तू येशील तेव्हा तिथेच असेन." आणि मग खरंच त्याच खुर्चीवर बसून राहा, चहालाही उठू नका. हत्तीला यायचं असेल तर येऊ दे.

अबोली_कराड

हत्ती येणार आहे. खोकंही येणार म्हणतोय.