पुण्याची पार्टी 60 दिवसांची उधारी मागतेय, माल द्यावा का?

हळदवाली_मिरज
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझी हळद पावडरची छोटी गिरणी आहे. सांगलीच्या यार्डातून राजापुरी हळकुंड घेते, दळून, पॅक करून मिरज-जयसिंगपूरच्या किराणा दुकानांना देते. त्यांचे पैसे आठ-पंधरा दिवसांत येतात. आता पुण्यातल्या दुकानांच्या एका साखळीला महिन्याला दोन टन पावडर हवीय. दर 200 रुपये किलो, सगळा खर्च जाऊन किलोमागे 14 रुपये सुटतात. पण पेमेंट 60 दिवसांनी, आणि यार्डात मला रोखीनं घ्यावं लागतं. घरचे म्हणतात, एवढी ऑर्डर सोडू नको. काय करू?

कुपवाडचा_काका
ताई, मी कास्टिंगचं मशीनिंग करतो, धंदा वेगळा, पण उधारीत आयुष्य गेलंय. आधी हे बघा की 60 दिवस मोजायचे कुठून. माल उतरणार, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद होणार, मग बिल अकाउंट्सला जाणार, आणि तिथं पेमेंटचा वार ठरलेला. तुम्ही 90 च धरा. महिन्याला 4 लाखांचा माल म्हणजे 12 लाख कायम बाहेर. सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज 12 टक्के धरलं तर महिन्याला 12 हजार, म्हणजे किलोला 6 रुपये. तुमच्या 14 चे 8 झाले. हे 6 रुपये दरातच मागा. लाजू नका, पार्टीची खरेदी बघणाऱ्या माणसालाही हा हिशेब कळतो.

दुसरं, त्यांना माल देणारे दोघं-तिघं गाठा. पापडवाला, मसालेवाला, कुणीही. "पार्टी कशी आहे?" विचारू नका, सगळे "चांगली आहे" म्हणतात. "शेवटचं बिल कोणत्या तारखेचं, पैसे कधी जमा झाले?" असं विचारा. तारीख सांगताना माणूस खरं बोलतो.

सीए_विश्रामबाग
उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? नसेल तर पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी उत्पादक म्हणून करा, कारण उशिरा पेमेंटचं संरक्षण नुसत्या व्यापाऱ्याला मिळत नाही. 2006 च्या एमएसएमईडी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. म्हणजे करारात 60 लिहिले तरी ते टिकत नाहीत. वर 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही तरतूद आलीय: मुदत उलटली तर ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी खरेदीदाराला तो खर्च दाखवता येतो. त्यामुळं मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले मार्चमध्ये धावपळ करतात. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा.

कुपवाडचा_काका
साहेबांचं बरोबर, पण ताई, हा कायदा ऑर्डर घेतानाच बोलायचा. पैसे अडकल्यावर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही मागता येतं, पण तक्रार केली की ते गिऱ्हाईक बहुतेक गेलंच. आताच सरळ सांगा, "आमच्या सीएंनी 45 च्या वर सही करू नका म्हणून सांगितलंय." भांडण होत नाही.

यार्डातला_अडत्या
एक सांगतो. ऑर्डर मोठी आली म्हणून आधीच पावडर करून ठेवू नका. हळकुंड नीट वाळलेलं असेल तर वर्षभर टिकतं, पावडरीचा वास आणि रंग मात्र उतरत जातो. शिवाय पार्टीनं हात आखडला तर हळकुंड यार्डात कधीही विकता येतं, त्यांच्या छापाच्या पिशव्या भरलेल्या असतील तर कोण घेणार? पैसे कमी पडले तर माल ठेवून कर्ज देणाऱ्या बाजार समितीच्या तारण योजनेकडे जाऊ नका, ती शेतकऱ्यांसाठी आहे. नोंदणीकृत वखारीत माल ठेवून ई-पावतीवर बँकेकडं कर्ज मागा.

हळदवाली_मिरज
काका, सीए साहेब, मनापासून आभार. 45 दिवस आणि 206 रुपये दर सांगते. पहिले तीन महिने दोनाऐवजी अर्धा टनच देते म्हटलं तर चालेल का, की पार्टी बिथरेल?

कुपवाडचा_काका
बिनधास्त सांगा. पहिल्या बिलाचे पैसे जमा झाल्याशिवाय तिसरी गाडी भरू नका, आणि किराणावाल्यांचा माल एक दिवसही थांबवू नका. आज तुमचा पगार त्यांच्यावर निघतो.