कुत्र्याला घेऊन माळ-जंगलवाटांवर : सोलापूरकरांचा अनुभव धागा

सोलापूरच्या आसपास कुत्र्याला घेऊन चालायचे तर सह्याद्रीतल्या ट्रेकचे सल्ले फारसे कामाला येत नाहीत. तिकडे धुके, ओल आणि जळवा. इकडे मुरूम, कुसळ आणि ऊन. वनखात्याच्या लागवडीतल्या गाडीवाटा, तलावांचे काठ, बार्शीकडच्या बालाघाटाच्या उतरणी, अशा वाटांसाठी लागणारी माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा. कृपया नेमके लिहा: काय, किती, केव्हा आणि का.

सुरुवात करतो. नान्नजचे माळढोक अभयारण्य (घोषणा १९७९) आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले येडशी-रामलिंगघाट अभयारण्य ही दोन नावे यादीतून आधीच काढा. अभयारण्यात कुत्रा न्यायचा नाही, दोरीला बांधूनसुद्धा नाही. माळढोक, धाविक, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात आणि कुत्र्याच्या चाहुलीने उठलेला पक्षी उन्हात अंडी उघडी टाकतो. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून लांडग्यांना आणि खोकडांना होतात. वन्यप्राणी काही कुंपणाच्या आतच राहत नाहीत, म्हणून बाहेरच्या माळावरही लस पूर्ण झालेला कुत्राच न्यावा आणि त्याची विष्ठा पिशवीत भरून परत आणावी.

जुळे सोलापूर, दोन कारवानी

कारवानी, पश्मी, मुधोळ असलेल्यांनी हे आधी वाचावे. ही कुत्री नजरेने शिकार धरतात. अर्ध्या किलोमीटरवर काळवीट हलले की मालकाची हाक त्यांच्या कानात शिरत नाही. घरी शंभर टक्के ऐकणारा कुत्राही इथे ऐकत नाही, त्यामुळे मोकळे सोडण्याचा प्रश्नच येत नाही. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) संरक्षित आहे. नुसता पाठलाग झाला तरी गाभण मादी किंवा पाडस दमून मरू शकते.

दुसरी गोष्ट गळपट्ट्याची. या जातींचे डोके मानेपेक्षा फार रुंद नसते. मागे रेटा दिला की साधा पट्टा कानांवरून सरकतो आणि कुत्रा मोकळा होतो. ओढल्यावर थोडा आवळणारा, पण एका मर्यादेपुढे न आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. किंवा छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या, ज्याचा दुसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, कमरेच्या बारीक भागाशी येतो. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. काखेत घासत असेल तर तासाभरात कातडी सोलते. या कुत्र्यांना तिथे केस नसतातच.

दोरी दीड ते दोन मीटर, सपाट विणीची. बटण दाबून लांब होणारी दोरी बाभळीच्या झाडोऱ्यात गुंतते आणि झटक्याने हातातून निसटते. निसटली की तिचे प्लॅस्टिकचे डबडे खडखडत मागे येते, त्याला घाबरून कुत्रा आणखी पळतो.

विजापूर रोड

उन्हाबद्दल. मार्च ते मे या महिन्यांत सूर्य उगवायच्या आधी निघावे आणि साडेसातला परत गाडीशी असावे. संध्याकाळची वेळ वाटते तितकी चांगली नाही, कारण हवा उतरली तरी मुरूम आणि डांबर तापलेलेच असतात. हाताची मागची बाजू जमिनीला सात सेकंद टेकवा. चटका सोसवत नसेल तर पंजालाही सोसवणार नाही.

पाणी असे मोजा: कुत्र्याला घरी बसून दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली लागते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला साधारण एक ते सव्वा लिटर. दोन तासांच्या चालीला यातला निम्मा भाग सोबत ठेवा आणि त्याशिवाय एक लिटर फक्त अंगावर ओतायला. दर वीस मिनिटांनी थांबून १०० मिलीच्या आसपास पाजा. एकदम भांडेभर दिले की घटाघटा पिऊन ओकतो.

ऊन लागल्याच्या खुणा क्रमाने येतात. आधी जीभ टोकाला रुंद, पसरट होते. मग लाळ घट्ट, चिकट होते आणि हिरड्या गडद लाल दिसतात. शेवटी मागचे पाय लटपटतात. पहिल्या खुणेलाच सावलीत थांबा. गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा: १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०५ च्या पुढे जिवाला धोका. साधे पाणी पोटावर, जांघेत, काखेत ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो आतली उष्णता कोंडतो. १०३ पर्यंत उतरले की ओतणे थांबवा, नाहीतर ताप गरजेपेक्षा खाली घसरतो. मग डॉक्टरांकडे न्याच, कुत्रा उठून बसला तरी. आतड्यांना, मूत्रपिंडाला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

पग आणि तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना या वाटा नकोतच.

बार्शी

कुसळ! पाऊस संपून गवत वाळले की, साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, हाच सर्वांत मोठा त्रास. कुसळाच्या टोकावर उलटे बारीक केस असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकते. केसांतून कातडीत आणि कातडीतून आत शिरते. स्वतःहून मागे कधीच येत नाही.

निघण्याआधी बोटांमधले आणि कानाच्या आतल्या कडेचे केस कात्रीने बारीक करा. परतल्यावर गाडीत बसवण्याआधीच तपासा, कारण सीटवर लोळला की अर्धवट रुतलेले कुसळ पूर्ण आत जाते. क्रम ठरवून घ्या म्हणजे काही सुटत नाही: चारही पंजांच्या बोटांमध्ये, दोन्ही कान, डोळ्यांच्या कडा, काखा, जांघ, शेपटीखाली, नराच्या लिंगाच्या कातडीची कड. उलट्या दिशेने विंचरले की लपलेली दिसतात.

डोके एका बाजूला कलते करून सारखा कान झटकत असेल तर कानात गेले असे धरा. चिमटा घालू नका, तेल सोडू नका, पडदा फाटतो. बोटांमध्ये सुपारीएवढी गाठ येऊन कुत्रा चाटत बसला असेल तर आत कुसळ आहे, नुसत्या अँटिबायोटिकने ती गाठ फिरून फिरून येते.

सराट्याचे काटे मात्र वरच असतात, लंगडला की लगेच काढा. वेड्या बाभळीचा काटा आत मोडला तर उकरत बसू नका.

मोहोळ

शेततळ्यांबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. प्लॅस्टिकच्या अस्तराचा उतार ओला झाला की नखे लागत नाहीत. उत्तम पोहणारा कुत्राही कडेशी पोहून पोहून दमतो आणि बुडतो. तहानलेला कुत्रा चकाकते पाणी बघून धावतोच, म्हणून शेततळे दिसताच दोरी आखूड धरा. पडलाच तर तुम्ही उतरू नका, माणसालाही वर येता येत नाही. काही तळ्यांना कोपऱ्यात गाठी मारलेला दोर सोडलेला असतो, कुत्र्याला हाका मारत त्या कोपऱ्याकडे आणा. हार्नेसला पाठीवर कडी असेल तर काठीचा आकडा अडकवून ओढता येते, नुसत्या गळपट्ट्याने ओढले तर गळा आवळतो. कठडा नसलेल्या विहिरी गवतात दिसत नाहीत, त्यांचेही तेच.

रानडुकरांसाठी मका-भुईमुगाभोवती तारा असतात. झटका मशीन (तारेत क्षणभराचे झटके सोडणारे यंत्र) असेल तर झटका लागून कुत्रा सुटतो. चोरून थेट वीज सोडलेली तार सोडत नाही. चिकटलेल्या कुत्र्याला उघड्या हाताने धरू नका.

पशुवैद्यक, अक्कलकोट

साप. आपल्याकडे दगडाखाली फुरसे आणि बांधाला घोणस, ही दोन विशेष. कुत्रा हुंगायला जातो म्हणून चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर असतो. तोंडावर असेल तर गळपट्टा लगेच काढा, सूज वाढली की तोच फास होतो. चिरू नका, आवळपट्टी बांधू नका. चालवू नका, उचलून आणा. निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा, सगळ्या दवाखान्यांत नसते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांना एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून आणण्याची काहीही गरज नाही.

गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, हळू ओढा. काडीचा चटका, रॉकेल, तेल यांतले काही नको. पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा: ताप, खाणे सोडणे, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीही देऊ नका. आपल्या प्रथमोपचार पेटीत असतात म्हणून मुद्दाम सांगतो.

पंढरपूर

खाण्याचे: कडक भाकरीचा कोरडा तुकडा चालतो, शेंगाचटणी लावलेला नाही, कारण लसूण आणि मीठ. द्राक्षे आणि बेदाणे अजिबात नाही, मूत्रपिंड निकामी होते आणि किती खाल्ल्याने होईल ते कुत्र्यागणिक बदलते. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाणा शेडजवळून वाट असेल तर खाली सांडलेले वेचत नाही ना ते बघा. फवारणी चालू असलेल्या बागेकडेने जायचे झाल्यास वाऱ्याच्या वरच्या बाजूने जा आणि घरी येऊन पंजे धुवा.

माढा

मेंढ्यांचा कळप दिसला की वाट सोडून शंभरेक पावले बाजूला व्हा आणि कुत्र्याला बसवा. राखणीची कुत्री कळप आणि तुमचा कुत्रा यांच्या मध्ये उभी राहतात. तुम्ही पुढे सरकलात तर ती येणारच, ते त्यांचे काम आहे. कुत्र्याला उचलून घेऊ नका, ती अंगावर उड्या घेतात. मेंढपाळ दादांना लांबूनच हाक द्या, ते शीळ घालून आपली कुत्री मागे घेतात. मग जा म्हटल्यावरच निघा.

करमाळ्याकडे उसाच्या कडेने अंधार पडल्यावर कुत्रा नेऊ नये, बिबट्या आधी त्यालाच उचलतो.

जुळे सोलापूर, दोन कारवानी

एक राहिले. पावसाळ्यात काळ्या मातीत जायचे असेल तर बोटांमध्ये निघण्याआधी थोडे खोबरेल चोळा. चिखलाचे गोळे तरीही होतात, पण ओले असतानाच पाण्याने सुटतात. वाळले की दगड होतात आणि ओढून काढताना केसांसकट कातडी येते, म्हणून गाडीत पाच लिटरचा कॅन ठेवा.