२४० दिवस भरू न देणारे आम्हाला स्पर्धा शिकवणार?

लेथवाला: काल इथं एकानं टाकलंय, "कामगार कायदे सैल करा, टेम्पररी पोरांना कामं मिळतील, व्हिएतनामला टक्कर देता येईल." डोकं फिरलं. चाकणला एका व्हेंडरकडे तीन वर्षं काढलीत मी. सात महिने झाले की ब्रेक. गेटपास जमा, पंधरा दिवस घरी, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाचं कार्ड. मशीन तेच, फाटके सेफ्टी शूजही तेच. वर्षात २४० दिवस भरले की परमनंटचा दावा करता येतो, म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत. अजून किती सैल हवंय?

वर्कशॉपवाला: टाकणारा मीच. अहो, ब्रेक कायद्यामुळेच देतात! १०० कामगार झाले की कपातीला सरकारची परवानगी लागायची. म्हणून आम्ही नव्वदला थांबायचो, वरचे ठेकेदाराचे. ऑर्डर तीन महिन्यांची, माणूस रिटायर होईपर्यंतचा. बसवा गणित.

लेथवाला: नोव्हेंबर २०२५ पासून ती मर्यादा ३०० झालीय. किती घेतले परमनंट?

वर्कशॉपवाला: ऑर्डर आल्या तर घेऊ. आणि खरा ताप गेटवरच्या माथाडींचा. माल आमची क्रेन उतरवते, हे नुसते उभे राहून पैसे मागतात.

हमालाची लेक: तोंड सांभाळून. माथाडी म्हणजे खंडणी नव्हे. १९६९ चा कायदा आहे तो. बाबा मार्केट यार्डात पोती वाहायचे. माथाडी बोर्डात नोंद होती म्हणून मालकांनी भरलेल्या लेव्हीतून पीएफ जमला, त्यावर माझं डीएड झालं. मानेवरचा घट्टा मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

वर्कशॉपवाला: ताई, वडिलांबद्दल आदरच आहे. पण माझ्या नावानं फाडलेल्या पावतीवर "माथाडी"च छापलेलं असतं.

हमालाची लेक: मग त्या गुंडांची तक्रार करा. कायद्यावर कसला राग?

वर्कशॉपवाला: केली होती. साहेबांनी चहा पाजला.

हमालाची लेक: आमच्या बाबांना तर तोही नाही मिळाला कधी.

एचआरवाली: मूळ विषयावर या. नव्या कामगार संहितेत फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर थेट घेतलेल्याला, परमनंटइतकाच पगार आणि वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी आहे. ठेकेदाराची गरजच काय?

लेथवाला: म्हणजे आता ब्रेक अकराव्या महिन्यात. चार महिन्यांची बढती! पेढे वाटतो.

वर्कशॉपवाला: हसा. एक मात्र कबूल, माप घ्यायचा मायक्रोमीटर हातात बसेपर्यंत पोराचा ब्रेक येतो. नवा येतो, पहिल्या महिन्यात रिजेक्शनचा ढीग लावतो.

लेथवाला: तो ढीग व्हिएतनामच्या खात्यावर टाकता का?