कैलास लेणं, चार लाख टन आणि अठरा वर्षं: माहितीपटातले आकडे तपासायचे कसे?

सांजवाचक
इतिहासावरचे माहितीपट घरात सगळेच आवडीने बघतो. वेरूळच्या कैलासावरच्या कार्यक्रमांत एक गणित हमखास येतं: ४ लाख टन दगड, १८ वर्षं, म्हणून टाकी-हातोड्याने अशक्य. हे आकडे येतात कुठून, आणि घरबसल्या तपासता येतात का? दुसरं म्हणजे लेखकांवरचे माहितीपट. अगाथा ख्रिस्ती १९२६ साली बेपत्ता झाल्या, ते प्रकरण फार रंगवतात. त्यात नोंदीतलं किती आणि पटकथेतलं किती?

शिल्पवेध
आधी टन बघू. डोंगर कोरून केलेला, ज्यात देऊळ उभं आहे तो खड्डा साधारण ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागच्या कड्याशी ३३ मीटर खोल. गुणाकार १,३०,००० घनमीटर. बेसाल्ट घनमीटरला २.९ टन धरला की ३.८ लाख टन, म्हणजे टीव्हीवरच्या आकड्याच्या अगदी जवळ. पण असा गुणाकार करताना डोंगर माथ्यावर सपाट धरला जातो. प्रत्यक्षात तो उतरता आहे. ३३ मीटर खोली फक्त मागे, पुढे येता येता ती कमी होत जाते. उतार त्रिकोणी धरून निम्मं करा: ६५,००० घनमीटर, १.९ लाख टन. त्यातूनही देऊळ, नंदीमंडप, दोन ध्वजस्तंभ आणि हत्ती वजा करायचे, कारण तो दगड काढलेलाच नाही, राखलेला आहे. बाजूच्या कड्यात कोरलेली दालनं आणि लंकेश्वर नावाचं लेणं मात्र मिळवायला हवं.

आता माणसं. ६५,००० घनमीटर १८ वर्षांत, वर्षाला ३०० दिवस काम, म्हणजे रोज १२ घनमीटर. एका पाथरवटाने दिवसाला एकच घनफूट दगड काढला असं धरलं तरी सव्वाचारशे माणसं पुरतात. राजाच्या कामाला हा आकडा अजिबात मोठा नाही.

शिवाय सगळा दगड टाकीने चुरा करून निघत नाही. खोल समांतर चर मारायचे आणि मधे उरलेले दगडाचे बांध फोडून पाडायचे. ही पद्धत बघायची असेल तर अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं अर्धवट राहिलेलं लेणं बघा. काम थांबलं तेव्हाचे कोरण्याचे टप्पे तिथे दगडातच दिसतात. पूर्ण झालेल्या लेण्यात ते घासून गेलेले असतात, म्हणून नुसतं कैलास दाखवलं की पद्धत कळत नाही आणि गूढ वाढतं. वरून खाली कोरत आल्यामुळे कळसापाशी काम करायला परांची बांधावी लागत नाही, हा मोठा फायदा. तोटा एवढाच की जास्त कापलेला दगड परत जोडता येत नाही.

ताम्रपट
१८ वर्षांबद्दल. हा कामाचा काळ नाही, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीचा आहे: साधारण इ.स. ७५६ ते ७७३. म्हणून वरचा हिशेब सर्वांत कडक बाजूने केलेला आहे, असं समजा. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मुख्य देऊळ कृष्णाच्या काळातलं मानलं, पण परिसरातले काही भाग नंतरचे ठरवले.

मंदिराचं श्रेय कृष्णाला देणारा लेख म्हणजे बडोद्याचा, राष्ट्रकूट घराण्यातल्याच कर्कराजाचा ताम्रपट, इ.स. ८१२-१३ चा. विमानातून जाणारे देव हे मंदिर पाहून चकित होतात आणि खुद्द शिल्पीही ‘हे माझ्या हातून कसं घडलं’ म्हणून थक्क होतो, असा त्यातला आशय. ती प्रशस्ती आहे, म्हणजे स्तुतिपर लेखन. कार्यक्रमवाले त्यातलं ‘विमान’ तेवढं उचलतात. ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथातल्या कोकस शिल्पीच्या कथेत तर काम सुरू झाल्यावर आठवड्यात देवळाचा कळस दिसतो. ती कथा म्हणून फार सुंदर आहे: काम वरूनच सुरू केलं तर कळस आधी दिसणारच.

पानोपानी
ख्रिस्तींच्या प्रकरणात पक्कं आहे ते एवढं: ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री त्या इंग्लंडमधल्या सनिंगडेलच्या घरातून निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मॉरिस काउली गाडी सरे परगण्यातल्या न्यूलँड्स कॉर्नरपाशी रिकामी सापडली. १४ डिसेंबरला त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या, टेरेसा नील या नावाने उतरलेल्या. नील हे नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव. नवऱ्याने स्मृती गेल्याचं सांगितलं. आत्मचरित्रात त्यांनी या दिवसांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

म्हणून निवेदनातली क्रियापदं ऐका. ‘गाडी सापडली’, ‘नाव लिहिलं’ हे नोंदीतलं. ‘तिने ठरवलं’, ‘तिला सूड घ्यायचा होता’ आलं की ते पटकथाकाराचं, मागे कितीही करुण व्हायोलिन वाजो. हॉटेलातलं ते आडनाव मात्र कुणी रचलेलं नाही, आणि ते एकटंच पुरेसं अस्वस्थ करतं.

शिल्पवेध
सांजवाचक, एक राहिलं. बोलणाऱ्याच्या नावाची पट्टी आली की थांबवून हुद्दा वाचा. उत्खनन करणारा, लिपी वाचणारा आणि नुसता ‘संशोधक’ यांत फार अंतर आहे. आणि कैलासाचं डोंगरमाथ्याच्या कडेवरून, बाजूने घेतलेलं दृश्य आलं की चित्र गोठवा. पुढची बुटकी भिंत आणि मागचा उंच कडा एकाच चौकटीत येतात. अंगणातल्या माणसाची उंची पट्टीने मोजून दोन्हींना लावून बघा, म्हणजे मी निम्मं का केलं ते पडद्यावरच दिसेल. मागचा कडा कॅमेऱ्यापासून लांब असेल तर तो लहान भासतो, म्हणून माणूस त्याच्याच पायथ्याशी उभा असलेला निवडा.