कुरियरचं पाकीट कापलेलं आलं, आत साडीच नाही. जबाबदार कोण? (नागपूर)

मनीषनगर_वाली
येवल्याच्या एका विणकराकडून पैठणी मागवली होती. १४,५०० रुपये, यूपीआयने आधीच दिले. त्यांनी एका खाजगी कुरियरने पाठवली. पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात होते. डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोन आला, ओटीपी सांगितला, पाकीट आमच्या स्कीमच्या (अपार्टमेंटच्या) चौकीदाराकडे ठेवायला लावलं. संध्याकाळी हातात घेतलं तर हलकं लागलं. प्लास्टिकच्या पिशवीला शिवणीलगत ब्लेडने मारल्यासारखा सरळ काप, आणि त्यावर खाकी टेप. विणकरांनी पाठवताना मला फोटो पाठवला होता, त्यात सगळीकडे पारदर्शक टेप आहे. आत चेपलेला खोका, बटर पेपर, हळदीकुंकवाची पुडी. साडी नाही.

कुरियरवाले म्हणतात ओटीपी दिला म्हणजे माल मिळाला, आणि तक्रार करायचीच असेल तर पाठवणाऱ्याने करावी. विणकर म्हणतात, मी माझ्या हाताने पॅक करून दिली, पावती आहे. मला त्यांच्यावर विश्वास आहे.

आता सल्ला हवा. वकील नको. हजार रुपयांच्या वर खर्च करणार नाही. विणकरांशी भांडण नको. मावसबहिणीच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, तोवर काही मार्गी लागेल का?

गांधीबाग_होलसेल
ताई, एवढ्या लांबून मागवायची गरजच नव्हती. इतवारी-गांधीबागेत फिरला असता तर हात लावून, पदर उलटा करून पाहून घेता आली असती. आणि १४ हजारात हातमागाची पैठणी मिळत नाही, हे मी तीस वर्षं कापडात असलेला माणूस सांगतोय. २५ हजारांची तयारी ठेवा, मी तुम्हाला दुकान सांगतो.

विदर्भकन्या
मिळते. येवल्यात साध्या पदराची, मुनिया काठाची हातमागाची त्या भावात मिळते. दुकानात आली की तिचेच २५ होतात. पण इथे प्रश्न साडी गेल्याचा आहे हो.

वऱ्हाडी_बाणा
माह्यासोबत असंच झालं होतं ताई. मोबाइल बोलावला, खोक्यात कपडे धुवायच्या साबणाच्या वड्या निघाल्या. पण मी खोका उघडतानाचा पूर्ण व्हिडिओ काढला होता, लेबलापासून. आठवड्यात पैसे वापस आले. तुम्ही व्हिडिओ काढला का नाही? व्हिडिओ नसंल तं अवघड हाय. आता मी भाजीचा चाकू जरी बोलावला तरी व्हिडिओ काढतो.

मनीषनगर_वाली
उघडायच्या आधीचे फोटो आहेत, चारी बाजूंचे. व्हिडिओ नाही.

सदर_वाला
माझा भाचा हायकोर्टात आहे, नागपूर खंडपीठात. नोटिशीपासून निकालापर्यंत १५ हजारात करून देईल, ओळखीमुळे. वकिलाच्या लेटरहेडशिवाय या कंपन्या हलत नाहीत. माझ्या फ्रिजच्या केसमध्ये त्याच्या एका नोटिशीवर माणूस घरी आला होता.

विदर्भकन्या
साडे चौदा हजारांच्या साडीसाठी १५ हजारांचा वकील? त्यांनी वर स्पष्ट लिहिलंय, वकील नको.

सदर_वाला
तत्त्वाचा प्रश्न असतो. आज सोडलं तर उद्या दुसऱ्याचं पार्सल कापतील.

कोर्टाची_पायरी
जबाबदारी कोणाची, ते आधी सांगतो. वऱ्हाडी_बाणांचं प्रकरण वेगळं आहे. मोठ्या साइटवरून घेतलं तर २०२० चे ई-कॉमर्स नियम सरळ लागू होतात. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. तिथे कुरियरही बहुतेक साइटनेच नेमलेलं असतं, त्यामुळे ग्राहकाला एकच दार ठोठवावं लागतं. इथे दोन करार आहेत. तुमचा विणकराशी, विणकराचा कुरियरशी.

माल विक्री कायदा १९३० चं कलम ३९ पाहा. विक्रेत्याने माल वाहकाच्या, म्हणजे माल नेणाऱ्या कंपनीच्या ताब्यात दिला की तो खरेदीदाराला दिल्यासारखाच धरतात. पण त्याच कलमाचा पुढचा भाग लोक वाचत नाहीत. मालाचं स्वरूप पाहून विक्रेत्याने वाहकाशी योग्य तो करार करायला हवा. तो केला नसेल आणि माल वाटेत गेला, तर खरेदीदार म्हणू शकतो की ही डिलिव्हरी मला मान्य नाही. साडेचौदा हजारांची साडी किंमत न लिहिता, विमा न काढता शंभर-सव्वाशे रुपयांत पाठवली असेल तर हा मुद्दा विणकरावर येतो.

कुरियरचं म्हणाल तर रस्त्याने माल वाहण्याचा कायदा २००७ चा आहे, आणि त्यातल्या 'सामान्य वाहक' या व्याख्येत दारापासून दारापर्यंत माल नेणारी कुरियर एजन्सी नाव घेऊन घातलेली आहे. माल गेला तर वाहकाचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायची गरज नाही. दावा लावण्याआधी मात्र लेखी नोटीस लागते.

टपालात_होतो
पोस्टाने पाठवली असती तर हा प्रसंगच आला नसता. विमा उतरवून पाठवता येतं. आणि पाकीट फाटलेलं दिसलं तर घेणाऱ्याला 'ओपन डिलिव्हरी' मागता येते. पोस्टमास्तरसमोर उघडायचं, आत काय निघालं त्याची यादी करायची, सह्या करायच्या. आमच्या काळात लोक ते मागायचे. आता ओटीपी सांगून मोकळे होतात.

गांधीबाग_होलसेल
पोस्ट काय भरपाई देतं ते पण सांगा ना. स्पीड पोस्टात माल गहाळ झाला किंवा आतून काढून घेतला तर भाड्याच्या दुप्पट किंवा हजार रुपये, दोन्हीत जे कमी असेल ते. माझी दोन पार्सलं गेली आहेत, मला माहीत आहे.

टपालात_होतो
ते साध्या स्पीड पोस्टाचं. मी विमा उतरवलेल्या पार्सलबद्दल बोलतोय. आणि भरपाई कमी आहे हे मान्य, पण पोस्टात माणसाचं नाव सापडतं. कोणत्या बॅगेतून कोणत्या बॅगेत गेलं, कोणी सही केली, सगळं नोंदीत असतं.

कोर्टाची_पायरी
पोस्टाबाबत एक खरं की २००७ चा वाहक कायदा सरकारला लागू नाही. पोस्टाला जुन्या १८९८ च्या कायद्यातही जबाबदारीतून सूट होती आणि १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यातही आहे. नियमात जेवढी भरपाई ठरवली तेवढीच. खाजगी कुरियरला अशी सरसकट सूट नाही, हा फरक ताईंच्या फायद्याचा आहे.

वाडी_गोडाऊन
ताई, मी वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये आहे. कायद्याचं बाजूला ठेवा, आधी वजन पाहा. पाकिटावरच्या लेबलवर बुकिंगचं वजन छापलेलं असते. आता रिकामं पाकीट सगळ्या कागदांसकट किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि आकडा दिसेल असा फोटो काढा. दोन्ही आकड्यांत साडीएवढा फरक निघाला तर विणकराने रिकामं पाठवलं हे कोणी म्हणू शकत नाही.

आता दुसरं. मोठ्या हबवर, म्हणजे पार्सलं वेगळी करायच्या केंद्रावर, पार्सल पट्ट्यावरून जाते तेव्हा पुन्हा वजन होते, स्कॅनसोबत ते सिस्टीममध्ये राहते. कोणत्या हबवर वजन उतरलं ते त्यांना घरबसल्या दिसते, सांगत नाहीत एवढंच. नोटिशीत लिहून मागा: प्रत्येक हबचं वजन, डिलिव्हरीवाल्याची त्या दिवशीची रन शीट (कोणती पार्सलं नेली त्याची यादी), आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवा म्हणून. रेकॉर्डिंग जास्त दिवस राहत नाही, त्यावर नवीन चढून जाते. हे आजच करा.

खाकी टेप आमच्याकडे प्रत्येक टेबलावर असतो. फाटलेलं पार्सल आलं की पोरं टेप मारून पुढे ढकलतात. नियम असा की आधी वजन करून 'डॅमेज-शॉर्टेज'चा रिमार्क टाकायचा, मग टेप. रिमार्क नसेल तर प्रश्न त्यांनाच विचारला पाहिजे.

मनीषनगर_वाली
वाडी_गोडाऊन दादा, खूप आभार. लेबलवर ०.९२० किलो छापलंय. खालच्या किराणावाल्याकडे ठेवून पाहिलं, २१० ग्रॅम भरलं. दोन्हीचे फोटो काढले.

वऱ्हाडी_बाणा
हे तं पक्कं झालं मंग! चोरी वाटेतच झाली. पोलिसात जा ताई.

सदर_वाला
भाचाही हेच म्हणाला. नव्या न्याय संहितेत वाहकाने विश्वासघात केला तर कलम ३१६(३), सात वर्षांपर्यंत शिक्षा. ठाण्यात तक्रार द्या, कंपनी तडजोडीला येते. ठाण्यात वकील सोबत असला तर बरं.

संत्रानगरी_५५
चौकीदाराचं काय? पाकीट संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे होतं. आमच्या स्कीममध्ये असंच एकदा झालं तेव्हा सगळ्यांनी आधी चौकीदाराला धरलं होतं.

मनीषनगर_वाली
चौकीदार काका कित्येक वर्षांपासून आहेत. आणि केबिनमध्ये खाकी टेप आणि ब्लेड घेऊन ते पार्सल कापत बसतील, तेही गेटवरच्या कॅमेऱ्यासमोर? रेकॉर्डिंग सेक्रेटरींनी पाहिलं. मुलाने पाकीट दिलं तेव्हाच टेपची बाजू दिसते आहे. त्यांचं नाव कृपया घेऊ नका.

विदर्भकन्या
मग ते रेकॉर्डिंग आधी पेनड्राइव्हवर घे. ओटीपीचं उत्तर त्यातच आहे. ओटीपीने पाकीट पोचल्याचं ठरेल, आत साडी होती हे त्याने कुठे ठरतं? १९१५ वर फोन कर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फुकट. माझं एअर कूलरचं प्रकरण तिथूनच सुटलं. मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरची मोटर तुटलेली आली होती आणि दुकानदार ट्रान्सपोर्टवाल्याकडे बोट दाखवत होता.

गांधीबाग_होलसेल
हेल्पलाइनने काही होत नाही. मी दोनदा केला.

कोर्टाची_पायरी
हेल्पलाइन आदेश देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं, नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपलं आयोग सिव्हिल लाईन्समध्ये आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. मुदत दोन वर्षं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते, त्यामुळे येवला-नाशिकला जायची गरज नाही. तुमचे हजार रुपये झेरॉक्स आणि टपालातही संपणार नाहीत.

अडचण एकच आहे आणि ती लपवणार नाही. कुरियर म्हणेल आमची जबाबदारी मर्यादित आहे. वाहक कायद्याच्या नियमांत, जादा किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल तर भाड्याच्या दहापटीची मर्यादा आहे. १९९६ साली भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धरलं की पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावर मर्यादा लिहिली असेल तर ती त्याला बांधते. म्हणून विणकरांना विचारा, पावतीवर त्यांची सही आहे का आणि किंमत लिहिली आहे का. सही नसेल, मागची बारीक अक्षरं कोणी दाखवलीच नसतील, तर त्यावर भांडता येतं.

आणि विणकर व कुरियर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. फक्त कुरियरला केलंत तर ते म्हणतील, या बाईंशी आमचा करारच नाही.

विदर्भकन्या
हो, दोघांना करा. विणकराला त्रास द्यायचा म्हणून नाही, आयोगाला जबाबदारी वाटून देता यावी म्हणून.

गांधीबाग_होलसेल
पैसे विणकराकडूनच परत घ्या. माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत व्यापाऱ्याचा, आमच्या बाजारात हाच कायदा. कलम-बिलम नंतर.

सदर_वाला
सहमत. दोघांना पार्टी करा. भाच्याचा नंबर व्यनि (खाजगी मेसेज) करू का?

मनीषनगर_वाली
सगळ्यांचे मनापासून आभार. विणकरांशी सविस्तर बोलले. पावतीवर त्यांची सही नाही, किंमतीचा रकाना काउंटरवरच्या माणसाने कोरा ठेवलाय, भाडं १२० रुपये.

मी ठरवलंय ते असं. विणकरांना पक्ष करणार नाही. त्या साडीवर त्यांच्या घरातल्या दोघांचे महिन्याभराचे हात लागले आहेत. ती वाटेत कोणी कापून नेली म्हणून मी त्यांना नागपूरच्या आयोगात तारखांना उभं करणार नाही. त्यांनीच सांगितलं की दुसरी साडी अर्ध्या किमतीत देतो, मी हो म्हटलं. आधीच्या साडीची भरपाई मिळाली तर ती आम्ही निम्मीनिम्मी वाटून घेऊ, हे लिहून ठेवलंय. नोटीस आम्ही दोघं मिळून काढतोय, पाठवणारे म्हणून ते आणि घेणारी म्हणून मी. आयोगात जावं लागलं तर तेही माझ्यासोबत तक्रारदार असतील, म्हणजे करार नाही हे कुरियरला म्हणता येणार नाही. ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. वकील नाही.

गांधीबाग_होलसेल
म्हणजे एका साडीचे पावणेबावीस हजार झाले. इथे घेतली असती तर वर तीन हजार घालून भारी ब्रोकेड आली असती.

टपालात_होतो
दुसरी तरी पोस्टाने मागवा. विमा उतरवून.

मनीषनगर_वाली
दुसरी कशानेच मागवणार नाही. नणंद नाशिकला असते, दिवाळीला येताना येवल्याहून घेऊन मनमाडला गाडीत बसणार आहे.

वऱ्हाडी_बाणा
येकच नंबर. नोटीस रजिस्टर एडीने टाका, साध्या कुरियरने नका टाकू.

टपालात_होतो
रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं. काउंटरवर स्पीड पोस्ट सांगा आणि पोचीचा पुरावा वेगळा मागा, त्याचे पैसे वेगळे पडतात. पावती फिकी पडते, लगेच झेरॉक्स काढा.

कोर्टाची_पायरी
विणकर सह-तक्रारदार, हा मार्ग मी सुचवला नव्हता, पण चालेल. मात्र कलम ३९ चा मुद्दा तुम्हाला सोडावा लागेल, कारण एकाच बाजूला बसून त्यांच्याविरुद्ध तो मांडता येणार नाही. आणि वाहक कायद्यातली नोटिशीची मुदत १८० दिवसांची आहे. ती बुकिंगच्या तारखेपासून मोजतात, पार्सल मिळाल्यापासून नाही. नोटिशीत बुकिंगची तारीख आणि पावती क्रमांक पहिल्याच ओळीत घाला.

मनीषनगर_वाली
घातलाय. वजनाचे दोन्ही फोटो आणि हबच्या नोंदींची मागणीही घातली आहे. शनिवारी जीपीओतून टाकते.